कानाचं काम

"प्रश्न तिसरा," रुचा कागदात बघत म्हणाली. "या कामात बढती मिळते का?"

तिचे वडील, शिवा परब, चालतच राहिले. खांद्यावर लांब लोखंडी चावी, हातात सळई. सव्वीस वर्षं ते पाणीखात्यात चावीवाले होते. संध्याकाळी पाच वाजता लालबागच्या या चार गल्ल्यांना पाणी सोडायचं आणि सातला बंद करायचं.

नववीच्या वर्गात करिअर मार्गदर्शनाच्या ताईंनी दहा छापील प्रश्न वाटले होते आणि कुणाही काम करणाऱ्या माणसाची मुलाखत आणायला सांगितली होती. निम्म्या वर्गाने नाक्यावरचा एकच डेंटिस्ट गाठला. रुचाने बापाला धरलं. पण बाप प्रश्न गिळत होता. पहिला गिळला, दुसऱ्याला उत्तर दिलं, तिसरा पुन्हा गिळला. सोयीचं तेवढंच ऐकायचं ही बापलोकांची जुनी खोड, असं समजून ती पुढचे चार सोडून आठव्यावर आली आणि वाट अडवून समोरच उभी राहिली.

"या कामाला कोणता गुण लागतो?"

"कान," शिवा लगेच म्हणाले. "पाणी रस्त्याखालून जातं, दिसत नाही. ते ऐकावं लागतं."

त्यांनी रस्त्यातलं झाकण उचललं, चावी आत बसवली आणि वेढे द्यायला लागले. रुचाने मोजले. अठरा.

"अठराच का?"

"सतरात वरच्या मजल्यावर चढत नाही. एकोणीस दिले की पुढची गल्ली बोंब मारते."

असा प्रश्न कागदावर नव्हताच. रुचाने उत्तर समासात लिहून टाकलं. तिला आता मजा यायला लागली होती.

चाळीच्या दारातून कमलाबाई थेट त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आठ दिस झाले रे शिवा. पाणी करंगळीएवढा येता. हंडो भरूक अर्धो तास."

"बघतोय, मावशी."

बघत ते खरंच होते. मंगळवारी ही गल्ली सळई लावून ऐकली, गुरुवारीही ऐकली. दोन्ही वेळा साहेबांना सांगितलं, इथे गळती नाही. साहेब म्हणाले होते, सोमवारपर्यंत सापडली नाही तर दुसरा माणूस लावतो, तुम्ही गोदामात बसा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गोदामात बसायच्या नुसत्या विचाराने शिवांना जेवण जात नव्हतं.

रद्दीच्या दुकानासमोर त्यांनी झाकण उचलून सळईचं एक टोक आतल्या पाइपावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"इथे काही नाही."

"मी ऐकू?"

त्यांनी हसून सळई तिच्या हातात दिली. रुचाने कान लावला. आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या आत एक बारीक, टोकदार आवाज. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसा, पण न थांबणारा.

"पप्पा, हे स्स स्स काय आहे?"

शिवांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सळई घेऊन त्यांनी उजवा कान लावला, मग डावा. मग पुन्हा उजवा.

"कुठे वाढतो तो आवाज?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने दोन पावलं पुढे जाऊन रस्त्यावरच सळई लावली, मग आणखी दोन. "इथे. इथे तर खूपच मोठा आहे, पप्पा."

शिवांनी खिशातून खडू काढला आणि तिथे रस्त्यावर फुली मारली. मग रद्दीवाल्याच्या पायरीवर बसले. मंगळवारी आणि गुरुवारी ते याच जागी उभे होते.

रुचा त्यांच्या मागे उभी होती. "पप्पा," तिने हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. तिने पुन्हा, जरा मोठ्याने हाक मारली. दुकानातल्या रद्दीवाल्याने वर पाहिलं. शिवांनी नाही. घरातला टीव्ही हल्ली जिन्यापर्यंत का ऐकू येतो, हे रुचाला एकदम कळलं, आणि ती घाबरली.

ती पायरी उतरून त्यांच्यासमोर गेली.

"आठव्या प्रश्नाचं उत्तर खोडू?"

"कशाला? बरोबरच आहे ते." शिवांनी तिच्या हातातला कागद घेतला, सगळे प्रश्न वरपासून खालपर्यंत वाचले आणि परत दिला. मग चावी खांद्यावर घेत एक प्रश्न त्यांनीच विचारला.

"उद्या शाळा कितीला सुटते तुझी?"

रुचाने कागद खाली केला, तोंड नीट त्यांच्याकडे वळवलं आणि सावकाश सांगितलं, "साडेचारला."