जाऊ का?

देश सोडावा की नाही, हा प्रश्न माणसाने ज्याच्या त्याच्या विवेकाला विचारावा, असं म्हणतात. मुलाने तो विचारून पाहिला होता. विवेक गेले काही महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता, आणि तिकडच्या कंपनीला आज रात्रीपर्यंत उत्तर हवं होतं. तेव्हा बाबांना विचारायचं ठरलं.

"तू विचार," मुलगा बायकोला म्हणाला.

"मी का? बाप तुझा."

"तुझं ऐकतात ते."

"ते कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "दिवसभर लोकांना बंद पडलेल्या लिफ्टमधून बाहेर काढतोस. आता स्वतः निघ की जरा."

तरी तो बसून राहिला. तिकडेही त्याला लिफ्टच दुरुस्त करायच्या होत्या, फक्त जास्त उंच. कंपनी कुटुंबासकट नेणार होती. पण कंपनीच्या कागदात कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं. मुलं अजून झाली नव्हती, तरी ती त्या शब्दात बसत होती. बाबा होते, आणि बसत नव्हते.

"आणि समोर उभा राहून विचार," बायको मागून म्हणाली.

हा घरातला नियमच होता. बाबांनी जन्मभर छापखान्यात यंत्र चालवलं. निवृत्तीच्या दिवशी मालकाने त्यांना नारळ दिला आणि दोन्ही कान ठेवून घेतले. श्रवणयंत्र आणलं होतं, ते कपाटात असे. ते लावलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाही, अशी बाबांची तक्रार होती. त्यामुळे बोलायचं तर त्यांच्या पुढ्यात उभं राहायचं, ओठ नीट हलवायचे. मग अर्धं ते ऐकत, अर्धं बघत.

बाबा आतल्या खोलीत इस्त्री करत होते. हे खातं त्यांनी आपणहून घेतलं होतं, आणि कुणाला हात लावू देत नसत. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. आत्ता पुढ्यात मुलाचाच कामाचा शर्ट होता. ग्रीसचा एक डाग धुऊनही गेला नव्हता. त्याच्यावरून ते इस्त्री जरा जपून फिरवत होते.

मुलगा दारात थांबला. बाबांची पाठ त्याच्याकडे होती. दोन पावलं पुढे जाऊन वळलं की झालं असतं. पण मग त्यांचा चेहरा दिसला असता.

तो मागेच उभा राहिला आणि भरपाई म्हणून आवाज चढवला.

"बाबा, आम्ही जाऊ का?"

इस्त्री थांबली नाही. "अरे, त्यात विचारायचं काय? खुशाल. माझ्यासाठी कशाला थांबता?"

मुलाने आवाज आणखी चढवला. "आणि तुमचं काय?"

"माझं मी बघून घेईन. हे एवढं आटपू दे." बाबांनी शर्ट उलटा केला. "आणि हे बघ, या गोष्टी वेळेवर झालेल्या बऱ्या. उशीर झाला की इच्छाच मरते."

एवढं शहाणं वाक्य बाबा आयुष्यात बोलले नव्हते. मुलाने त्या वाकलेल्या पाठीला एक मूक नमस्कार केला आणि बाहेर आला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

त्याने शब्द न शब्द सांगितला. शेवटच्या वाक्याला तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले.

"म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं," ती म्हणाली. "आपणच इतके दिवस चोरासारखे कुजबुजत होतो."

"हो ना."

"माणूस मोठा आहे रे. आपण ओळखलंच नाही."

मग वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मुलाने फोनवर 'येतो' असं कळवून टाकलं. तिकडून लगेच अभिनंदन आलं, सोबत पुष्पगुच्छाचं चित्र. दोघं त्या चित्राकडे बघत बसले. आनंद व्हायला हवा होता. तो होईल म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

आत इस्त्री बंद झाली. बाबांनी शर्ट हँगरला लावले, हात धुतले आणि येऊन टेबलाशी आपली खुर्ची ओढली. टेबलावर दोन फोन होते आणि एक चष्मा.

"हे काय? अजून तसेच?"

दोघांनी वर पाहिलं.

"मघाशी मागून ओरडत होतास ना, आम्ही जेऊ का म्हणून? म्हटलं ना तुला, जेवून घ्या म्हणून."

मुलाचं तोंड उघडं राहिलं. ओठ मात्र हलले नाहीत. सुनेने हळूच दोन्ही फोन पालथे घातले.

बाबा आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होते. काही बोललं जात असेल तर निसटू नये म्हणून बघायची त्यांची ती सवय होती. सुनेचे लाल डोळे त्यांना दिसले, मुलाची खाली गेलेली मान दिसली, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे थांबलातच माझ्यासाठी," ते म्हणाले. "वेडे कुठले."

त्यांनी सुनेच्या हातावर थोपटलं. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता.

"चल पोरी, वाढ आता. तिघं मिळून बसू."

स्वयंपाक झालेलाच नव्हता.