तांदळाचं धुवण

मांजर रोज दुपारी तुळशीपाशीच का येऊन बसतं, हे सरोजिनीबाईंना काही केल्या उमगेना. चाळीच्या गॅलरीत सावलीला काय तोटा होता? पण हे बेटं भर मे महिन्यात उन्हातल्या कुंडीला टेकून, चातुर्मास धरल्यासारखं शांत बसायचं.

दुसरं कोडं तुळशीचंच. पश्चिमेच्या उन्हाने मोगरा करपला, कोरफडसुद्धा लाल पडली. तुळस मात्र तरारलेली. बाई तर सकाळी पूजेच्या वेळी तांब्याभर पाणी घालत, तेवढंच.

जयवंतराव असते तर त्यांना विचारता आलं असतं. तुळस त्यांनीच लावलेली. उन्हाळ्यात बाई दुपारी आडव्या झाल्या की ते पातेलं घेऊन बाहेर जात. काय घालता हो, विचारलं की म्हणत, "तांदळाचं धुवण." त्यांच्यामागचा हा पहिलाच उन्हाळा. त्यांचा हात लागलेलं जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं. ते कशावर जगतंय हेच ठाऊक नसावं, याची बाईंना धास्ती वाटे.

त्या दुपारी त्या आडव्या झाल्याच नाहीत. दाराआड उभ्या राहिल्या.

शेजारची पद्मजा पातेलं घेऊन बाहेर आली. मांजर शेपटी ताठ करून उठलं. पद्मजाने इकडेतिकडे पाहिलं आणि गढूळ, लालसर पाणी कुंडीत ओतलं. वास दारापर्यंत आला.

"पद्मजा! काय घातलंस ते?"

"अगो बाई! काकू, झोपला नाहीत आज?"

"काय घातलंस?"

"बांगडे धुतलेलं पाणी," पद्मजा पुटपुटली. "काका न्यायचे ना मागून. आधी माझ्या सासूबाईंकडून, मग माझ्याकडून. हॉस्पिटलात जाताना म्हणाले, पद्मजा, हे थांबवू नकोस. फक्त हिला कळू देऊ नकोस."

"शिव शिव शिव!"

इतकी वर्षं बाळकृष्णाला वाहिलेली पानं बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. संताप यायला हवा होता. आलं ते हसू, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. "लबाड!" एवढंच म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. हे आपल्याला की काकांना, ते पद्मजाला कळलं नाही.

त्यानंतर तिची कुंडीकडे फिरकायची छाती झाली नाही. बाईंनी तुळशीला सकाळ-संध्याकाळ साधं पाणी घातलं, कुंडी सावलीत सरकवली, खरंखुरं तांदळाचं धुवणही घालून पाहिलं. तरी आठवड्याभरात तुळशीने मान टाकली. मांजरही दुसऱ्या दाराला लागलं.

रविवारी पद्मजा ओट्यावर कोळंबी धुवायला घेत होती, तेवढ्यात कडी वाजली. दारात सरोजिनीबाई. हातात जयवंतरावांचं पातेलं.

"तांदळाचं धुवण असलं तर दे गं थोडं," त्या गॅलरीच्या कठड्याकडे बघत म्हणाल्या.

पद्मजाने पातेल्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"आहे की, काकू. पण आजचे तांदूळ मिशीवाले आहेत. चालतील?"