सिम्युलेटरवरचे सर

शाल्मलीने पहिल्यांदाच एकटीने विमान उतरवलं आणि धावत जाऊन वृषालीला मिठी मारली. धारप सर वर्गाच्या खिडकीतून बघत राहिले.

हृदयाच्या दुखण्यामुळे ते वैद्यकीय तपासणीत नापास झाले होते. आता त्यांनी फक्त वर्गात आणि सिम्युलेटरवर शिकवायचं. विमानात त्यांच्या जागी वृषाली बसायची, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. शाल्मली विमान उतरवताना फार घाबरते, म्हणून वृषालीने तिला सरांकडे पाठवलं, तेव्हा ते मनातून सुखावलेच होते. आठवडाभर त्यांनी तिच्याकडून सिम्युलेटरवर सराव करून घेतला.

वृषाली वर्गात आल्यावर त्यांना राहवलं नाही. "तुझा हेवा वाटतो गं मला."

"मला तुमचा वाटतो, सर," ती म्हणाली. "माझ्या शेजारी बसून रडणारी पोर तुम्ही जमिनीवर राहून धीट केलीत."