झडपेवरची देवी

हरिहरने काडीने टोचून पाहिले. काडी मोडली. बॉयलरच्या झडपेवर बोटभर जाड शेंदूर चढून दगड झाला होता, आणि वर चांदीचे दोन डोळे बसवले होते.

"कधीपासून लावता हे?"

"चार वर्सं झाली, सायेब," गोमाजी म्हणाला. कल्याणच्या खाडीकाठच्या या भाताच्या गिरणीत बॉयलरची आग तोच सांभाळी. जातीचा कोळी, होडी विकून इथे लागलेला. "तवा वाफ कोंडली व्हती. ही बया अशी वरडली, का आमी समदे भायेर पललो. माजा भाव धाकू वाचला. तवापासून रोज तेल-शेंदूर. एक दिस चुकला नाय."

वाफ फार झाली की आपोआप उघडायची ती हीच झडप, आणि या भल्या माणसाने ती मनोभावे चिणून टाकली होती. दरसाल तपासणीला साहेब येत नसत असे नाही. येत, मालकाच्या ओटीवर चहा घेत, दाखल्यावर सही ठोकत आणि पुढच्या गाडीने परत जात. शेंदूर दिसायला बॉयलरपर्यंत चालावे लागते. तेवढी तसदी कोण घेतो?

हरिहर ठाण्याच्या नौपाड्यातला, पुण्याहून इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला. बॉयलर तपासनिसांच्या कचेरीतली त्याची सहा महिन्यांची उमेदवारी याच आठवड्यात संपत होती. "नेटिव्हाला हे काम झेपते का ते पाहू," असे साहेबाने तोंडावर सांगितले होते. एक तक्रार गेली की कारभार आटोपला.

"आग विझवा," तो म्हणाला. "हे खरवडून काढावे लागेल."

दारात उभे असलेले मालक मारुतीशेठ हसले. "काढा की. मी कुठे अडवतोय? यांना तेवढं विचारा."

तोवर गिरणीतली वीसेक माणसे जमली होती. गोमाजी बॉयलरच्या शिडीला पाठ लावून उभा राहिला.

"देवीला पटाशी लावाल, सायेब? बामन असून?"

"अरे, ती देवी नाही, गोमाजी. ती उघडली नाही तर बॉयलर फुटेल. पहिला तू मरशील."

"म्हून तं रोज लावतू," गोमाजी काकुळतीला येऊन म्हणाला.

हरिहरला रडायचेच काय ते बाकी राहिले. ज्यांच्या जिवासाठी भांडायचे, तेच वाट अडवून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत त्याच्याविषयी राग नव्हता, कीव होती.

मारुतीशेठनी १८९२ सालचा कोरा दाखला आणि दौत पुढे केली. "सही करा, रावसाहेब. नाहीतर उद्या तुमच्या साहेबाला तार जाईल, की तुमच्या माणसाने मजुरांच्या देवीची विटंबना केली. मग ते दुसऱ्या कोणाला पाठवतील. तो चहा घेईल."

हरिहरने दाखल्यावर आडवी रेघ मारली, 'चालवण्यास अयोग्य' असे लिहिले आणि खाली सही केली. शेठनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि गोमाजीकडे वळून म्हणाले, "तूस टाक. आठवड्यात दुसरा दाखला येतोय."

गोमाजीने देवीला हात जोडले आणि भट्टीत भाताचे तूस लोटायला सुरुवात केली.

हरिहर बाहेर आला. पौषातली थंडी होती. बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून गोमाजीची बायको मनुबाई बसली होती. शेजारी भाकरीचे फडके, मांडीवर तान्हे मूल.

"बाई, उठा इथून," तो म्हणाला. "लांब जाऊन बसा. ऐका माझं."

तिला त्या शिकल्यासवरल्या माणसाचे हसू आले.

"लांब गार वारा हाय, सायेब. ही भिंत कशी ऊन-ऊन हाय. पोर माजं रोज हितंच निजतं."

आणि तिने मुलाला अलगद उचलून आणखी आत, भिंतीच्या कडेशी सरकवले.