पन्नास पुंगळ्या

अठ्ठावीस काडतुसं झाली आणि डेल्बर्टचं मनगट भरून आलं. अजून बावीस उरली होती, आणि गुरुवार उद्यावर आला होता.

पोकळ डोक्याच्या हातोडीत त्याने एकोणतिसावं काडतूस अडकवलं आणि गॅरेजच्या फरशीवर तीन टोले घातले. गोळी सुटली. आतली दारू त्याने डब्यात ओतली. ती टोमॅटोच्या वाफ्यात जायची. रिकामी पुंगळी पकडीत धरून बुडाच्या टिकलीवर खिळा ठोकला. फट्. मग मेणबत्तीवर धरून तिचा गळा काळा केला. आता ती पिस्तुलातून उडाल्यासारखी दिसत होती.

दोन वर्षं दर आठवड्याला हेच चाललं होतं. पलीकडच्या गल्लीत राहणारा आर्विड काडतुसं भरायचा आणि डेल्बर्ट ती रिकामी करायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. इथे न्हावी दोन होते.

उडवायला पिस्तूलच नव्हतं. होतं ते वडिलांनी पॅसिफिकच्या लढाईतून आणलेलं इवलंसं जपानी नाम्बू, सात मिलिमीटरचं. बाटलीसारख्या गळ्याचं त्याचं काडतूस कुठल्या दुकानात मिळत नसे. दोन वर्षांपूर्वी डेल्बर्टची बायको ग्लॅडिस गेली. त्या हिवाळ्यात तो दुपार झाली तरी कपडे बदलत नसे. जानेवारीत एके दिवशी मुलगी करीन फार्गोहून न सांगता आली, तर बाप गॅरेजात पिस्तूल मांडीवर घेऊन बसलेला.  ती पिस्तूल घेऊन गेली आणि संध्याकाळी फोन केला.

"बाबा, पुलावरून नदीत टाकलं मी ते."

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याला लाज वाटली, आणि ती लाज गेली नाही.

पुढच्याच आठवड्यात आर्विडची बायको वर्ना बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन दारात उभी राहिली.

"डेल्बर्ट, आमच्या म्हाताऱ्याने अंथरूण धरलंय रे. जेवायलाही उठत नाही. तुझ्या त्या पिस्तुलाची काडतुसं बनवायची, एवढंच बोलतो. त्याला नाही म्हणू नकोस. त्याच्यापेक्षा माझ्यासाठी."

पिस्तूल नाही म्हणावं, तर का नाही तेही सांगावं लागणार. ते डेल्बर्टला नको होतं. तो हो म्हणाला.

आर्विडने दुसऱ्याच जातीच्या पुंगळ्या कापल्या, साच्यात दाबून त्यांना गळा आणला आणि मोजून पन्नास घडवल्या. एकही जास्त नाही. जुन्या पन्नास परत आल्याशिवाय नव्या भरता येत नसत, म्हणून हा घोळ.

आता मात्र डेल्बर्ट थकला होता. या गुरुवारी सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. पण सांगितलं आणि आर्विडने पुन्हा अंथरूण धरलं तर? ते पाप कोणाच्या माथी?

गुरुवारी सकाळी वर्नाने कॉफीचे दोन मग देऊन त्याला तळघरात पाठवलं. आर्विड बाकाशी बसला होता. तळघराला तेलाचा वास येत होता. आर्विडने स्वतःच्या बंदुका कधीच पुतण्याला देऊन टाकल्या होत्या, तरी तेलाचं फडकं आपलं बाकावर असायचंच.

"कशी उडाली?"

"छान. खाणीवर नेम धरून दोन डबे पाडले."

"पन्नासांत दोन? लेका, वर्नाने डोळे मिटून जास्त पाडले असते."

एकेक पुंगळी घेऊन आर्विड तिचा गळा दोन बोटांत फिरवत होता. चष्मा कपाळावरच होता. दोन वर्षांत त्याने एकदाही 'चल, खाणीवर येतो बघायला' म्हटलं नव्हतं. डेल्बर्टला ते एक बरं वाटायचं.

डेल्बर्टने घसा साफ केला. तेवढ्यात आर्विडच बोलला.

"ही शेवटची खेप. बोटं वळत नाहीत आता. कंटाळलो मी."

डेल्बर्टला हायसं वाटलं, आणि लगेच वर्नाचं ते 'अंथरूण धरलंय' आठवलं.

"मग दिवसभर करणार काय तू?"

"झोपेन."

"झोपायबिपायचं नाही!" डेल्बर्ट ओरडलाच. "मी येणार गुरुवारी. काडतुसं असोत नसोत. पत्ते खेळू. तू फक्त उठून इथे बसायचंस."

"काडतुसं नसली तरी येशील?"

"येईन म्हणतो ना."

"पुढच्या महिन्यात? थंडीतही?"

"तुझं काय वाकडं केलंय मी? येईन. ऑगस्टात टोमॅटो आणीन. यंदा कसले माजलेत!"

 आर्विडने बाकाचा खालचा खण ओढला आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू दोघांच्या मध्ये ठेवली. फडकं उलगडायच्या आधीच डेल्बर्टने ती ओळखली.

"करीन म्हणाली होती, नदीत..."

"जानेवारीत? तेव्हा नदी गोठून तिच्यावर ट्रक उभे असतात, लेका. तिने इथे आणून दिलं."

डेल्बर्ट स्टुलावर बसला. पिस्तुलावरून त्याची नजर पुंगळ्यांकडे गेली.

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"न उडालेल्या पुंगळीचा गळा फुगत नाही रे. कितीही काजळी फास."

"आणि तरी भरत राहिलास? अरे, माझी मनगटं गेली! मी तर तुझ्यासाठी... तू अंथरुणातून उठावंस म्हणून..."

"अंथरुणातून उठत नव्हतास तो तू," आर्विड म्हणाला. "वर्नाने नाव तेवढं बदललं."