वस्तू तीन

बाथरूमची हवा गरम करणारा नवा हीटर तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा वनिता निफाडच्या थंडीत नखशिखांत भिजली होती आणि तिच्या सासूबाई, माई, स्टुलावर कुडकुडत बसल्या होत्या.

"ताई, याला माणसं मोजता येतात," तांबोळी मिस्त्री दाराबाहेरच्या स्विचपाशी उभे राहून म्हणाले. "पाण्यापासून लांब, छताजवळ बसवलाय, अर्थिंगही चोख आहे. पण एवढ्याशा बाथरूममध्ये दोन माणसं दिसली की हा तापायचं थांबतो. सुरक्षेचा नियमच आहे तसा."

"अहो, माईंना एकटीनं उभंसुद्धा राहवत नाही. दुसरं मॉडेल नाही का?"

"आता सगळी अशीच येतात."

वनिताच्या अंगात वाद घालण्याचं त्राण नव्हतं. चार वर्षं रोज माईंना उचलायचं, न्हाऊ घालायचं, पुसायचं आणि परत निजवायचं.

तांबोळींनी कपाळ चोळलं. "एक करता येईल. बाथरूममधल्या नेहमीच्या वस्तू याला एकदा दाखवून ठेवायच्या असतात. बादली, स्टूल असं. त्या मग हा मोजत नाही." ते जरा अडखळले. "तुम्ही थोडा वेळ हलू नका."

वनिता तांब्या बादलीत सोडून भिंतीपाशी ताठ उभी राहिली. तांबोळींनी बाहेरून बटण दाबलं. हीटरचा डोळा तिच्यावरून फिरला आणि त्याखालच्या पट्टीवर अक्षरं उमटली, 'व्यक्ती एक, वस्तू तीन.' लगेच माईंच्या खांद्यांवर ऊब उतरली.

माईंनी डोळे बारीक करून पट्टी वाचली. "बादली, स्टूल... आणि तिसरी कुठली गं?"

"मी," वनिता म्हणाली.

"अस्सं," म्हणत माईंनी पाठ तिच्यापुढे केली.