दर तिसऱ्या दिवशी

तार मिळताच मुंबईहून जयगडला आलेली राही वडिलांना अग्नी देऊन दोन दिवस झाले नाहीत तोच परत निघाली. आई दारात आडवी आली.

"दहाव्यालासुद्धा थांबायची नाहीस? लोक काय म्हणतील गो?"

"आई, प्रयोगशाळेत मी पेशी वाढवल्यात. त्यांना दर तिसऱ्या दिवशी खाऊ घालावं लागतं, नाहीतर मरतात."

"दुसरं कोण घालील की!"

"दोघांनी करून पाहिलं. दोन्ही वेळा बाटलीत बुरशी धरली. या कामावर हात बसायला मला तीन वर्षं लागली."

"बापापरीस बाटल्या जड झाल्या तुला."

राहीने पिशवी खाली ठेवली.

"ऑपरेशन करून बाबांची कॅन्सरची गाठ काढली होती ना, तिच्यातल्याच पेशी आहेत त्या."

आई पायरीवर बसली. तिने विचारलं, "म्हंजे ह्यांचं कायतरी अजून जितं हाय?"

"हो. पण ज्याने त्यांना नेलं, तेच."

आई उठली, पिशवी उचलून तिने राहीच्या खांद्याला अडकवली.

"तरी जगव."